रांगेत पुढे

मामा : ...त्यात काय विचारायचं? मी शेवटी चालणार. तू दप्तराएवढी होतीस तेव्हापासून डोंगर चढताना या घरच्या रांगेत शेवटी मीच असतो.

भाची : म्हणूनच सांगतेय, मामा. आज तू पुढे.

मामा : पुढे कोणाला घालतात, ठाऊक आहे ना?

भाची : तूच शिकवलंस. सगळ्यात हळू चालणारा पुढे, म्हणजे कुणी मागे सुटत नाही. आणि म्होरक्या सगळ्यांच्या शेवटी.

मामा : मग? मी हळू चालतो?

आई : (मुक्कामाच्या खोलीत हीटरवर वाळलेले मोजे गोळा करत) नाही रे दादा. काल तू चालतच नव्हतास. बसला होतास.

मामा : बुटाची नाडी सुटली होती.

आई : तुझ्या बुटांना नाडी नाहीये. चिकटपट्टे आहेत. मीच आणलेत, तुला वाकायला नको म्हणून.

मामा : या बाईनं वकील व्हायला हवं होतं. उगाच शाळेत गणित शिकवत बसली.

भाची : विषय बदलू नकोस. आम्ही पार नदीपर्यंत उतरलो. झुलत्या पुलावर जाऊन वळून बघतो, तर मागे कुणीच नाही. खाली पाणी असं गर्जत होतं की तुझी शिट्टी वाजली असती तरी ऐकू आली नसती.

मामा : वाजवलीच नव्हती.

भाची : का?

मामा : शिट्टी दुसऱ्या कुणाला काही झालं तर वाजवायची असते.

आई : ऐक! जन्मभर लोकांची घड्याळं उघडून बसला, पण स्वतःला काय होतंय ते दाखवायचं म्हटलं की दुकान बंद.

मामा : अगं, मागे चालणं म्हणजे नुसतं चालणं नव्हे. समोर पाठी असतात. पाठीवरून माणूस कळतो. चेहरा काय, आरशात बघून बसवता येतो. परवाचंच घ्या. बोटीत नावाडी घसा फोडून ओरडत होता, जोर लावा, जोर लावा. आणि आमचे जावईबापू वल्हं पाण्यात बुडवत होते आणि वर काढत होते. भजी तळल्यासारखं. पाठीवर घामाचा थेंब नाही.

भाची : मला काय सांगतोस? घरीही तसंच करतो तो.

मामा : आणि ही तुझी आई. तुझे आजोबा, आमचे अण्णा, गेले त्या वर्षी इथे आलो होतो. कुणाशी बोलत नव्हती, पण सगळ्यांच्या पुढे टणाटण चढत होती. मला मागून कळलं, रडतेय. मग बुटात खडा गेला म्हणून ओरडलो आणि सगळी रांग थांबवली.

आई : तो खडा खोटा होता?

मामा : तुझ्यापायी असले पुष्कळ खडे माझ्या बुटात गेलेत.

आई : आणि मी मेली तुझ्यावर चिडले होते. नवे बूट घे, कंजूषपणा करू नकोस, म्हणून.

मामा : तर सांगायचं काय, मला पुढे घातलंत तर मला काय दिसणार? डोंगर! डोंगर मी पाहिलाय.

भाची : बाबांनाही तू पुढेच ठेवायचास ना?

मामा : तुझे बाबा! हिला बघायला आले होते. मी म्हटलं, घरात चहाच्या कपावरून काय बघायचं, डोंगरावर चला. आले. लग्नाला घालायचे असतात तसले चकचकीत बूट. पहिल्याच चढाला लोहाराच्या भात्यासारखे धापा टाकायला लागले. मी म्हटलं, पाहुणे, तुम्ही पुढे व्हा. तर गडी खूश! संध्याकाळी नदीवर बसून ज्याला त्याला सांगतोय, पहिल्याच सहलीत मला पुढारी केलं. शेवटपर्यंत सांगायचे ते. आम्ही आपले इकडेतिकडे बघत हसू गिळायचो.

आई : त्यांना माहीत होतं.

मामा : काय माहीत होतं?

आई : पुढे का घातलं ते. दुसऱ्याच दिवशी मी सांगितलं. तुम्ही सगळे हसत होतात, मला बघवेना.

मामा : आणि तरी इतकी वर्षं सांगत राहिले?

आई : मीही तेच विचारलं. तर म्हणाले, मी घरात सगळ्यात धाकटा. जन्मभर कुणाच्या तरी मागे पळत आलोय. आज एवढी धडधाकट माणसं माझ्या पावलानं चालली. मी थांबलो की थांबली. याला मान नाही तर काय म्हणायचं?

भाची : हे मला कधी बोलली नाहीस, आई.

आई : त्यांची गंमत होती ती. मी कशाला मोडू?

मामा : एवढी वर्षं त्या माणसाच्या पाठीमागे चाललो. हे काही दिसलं नाही मला.

आई : ते गालातल्या गालात हसायचे, दादा. मागून कसं दिसणार?

मामा : ...आणि मागे कोण राहणार? जावईबापू नको हं. तो फुलपाखरू बघत बसेल.

भाची : मी राहते.

मामा : तुला काय कळतंय पाठीतलं?

भाची : सकाळी तू तोंड धुवायला नदीवर उतरलास. एक खांदा टाकून. म्हणजे गुडघा दुखतोय. आणि कालपासून नाही, घरून निघालो तेव्हापासूनच. कोणता ते सांगू?

मामा : नको. तुझी आई ऐकतेय.

आई : आईला केव्हाच कळलंय. चल, ऊठ. बाहेर सगळे पिशव्या पाठीला लावून ताटकळलेत.

मामा : ही शिट्टी घे, भाचीबाई. आधी फडक्यानं पूस. आणि कुणी कण्हलं नाही तरी बघत जा. न कण्हणाऱ्याकडे जास्त.

भाची : बघते.

मामा : पण आधीच सांगून ठेवतो, मी हळू चालणार.

आई : चाल की. आम्हाला तरी कुठे घाई आहे, दादा.