गादी दोघींनी उचलली होती

— नाही हो ताई, घर बरोबर आहे, बाई चुकली. डोक्याचं ऑपरेशन झालं ते आमच्या थोरल्या जाऊबाईंचं, मी धाकटी. त्या आत झोपल्यात. पण उत्तरं मीच देणार, त्यांना दमवायचं नाही अशी मुलाची ताकीद आहे — मुलगा त्यांचा नव्हे, माझा. माझा! बसा, चहा टाकते.

तर तुमच्या सरकारी पाहणीसाठी काय विचारत होतात — हां, कशानं झालं. पडण्यानं. कवटीच्या आत थेंब थेंब रक्त साचत राहतं म्हणे, आठवडेच्या आठवडे, आणि माणसाला पत्ता नाही. म्हातारी माणसं वाढली तशी ही ऑपरेशनंही वाढली, सरकारला केवढ्याला पडतात ते बघताय, होय ना? बघा की. पुरुषांना जास्त होतं म्हणता? त्यातही थोरलीनं नंबर लावलाच. कवटीला दोन भोकं पाडली, निम्मं डोकं भादरलं, आणि सगळी गल्ली लोटली बघायला. पुन्हा साचू शकतं म्हणून तपासणीला सारख्या नेतात, दारातून गाडीनं, तळहातावरच्या फोडासारखं जपत. खर्च सरकारचा, कौतुक फुकटचं. सरकारनं एवढं खर्चलं म्हटल्यावर त्या डोक्यात काहीतरी असणार असं लोकांना वाटायला लागलंय — एका स्वयंपाकघरात जन्म काढलाय, मला विचारा! हो, जळते मी. तुमच्याशी कशाला खोटं बोलू?

एकट्या कुठे पडल्या त्या? उन्हात घालायला गादी गच्चीवर नेत होतो आम्ही, दोघी. त्या वरच्या टोकाला, मी खालच्या — जिन्यावर ओझं नेहमी खालच्यावर येतं. मध्येच सोडला त्यांनी हात आणि आल्या की गादीसकट माझ्या अंगावर. दोघींची डोकी भिंतीवर आपटली, दोघींना टेंगळं आली. रक्त पातळ करायची गोळी त्या घेतात, तीच मीही घेते, एकाच डबीतून. पण पुढे त्यांचं तोंड वाकडं झालं, काहीबाही बोलायला लागल्या, आणि माझा मुलगा — खाली गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं — जिना चढून अनवाणी धावत आला. काकू, काकू करत. फरशीवर ऑइलचे पाय उमटले होते, ते मी पुसले. पुसताना मनात म्हटलं, आईसाठी कधी चपला टाकून आला होतास का रे?

माझं डोकं? दुखतं सकाळी. फडकं गच्च आवळलं की झालं. सांगायचं कुणाला? म्हणतील, थोरलीचं बघून हिलाही सोंग सुचलं. डाव्या पायातली चप्पल कुठे गळून पडते कळत नाही. परवा भाजीत दोनदा मीठ घातलं — सून गटागटा पाणी प्यायली बिचारी. पण माझ्यापायी सरकारला छदाम लागला नाही, हे आधी लिहून घ्या. बसा ना, चहा टाकते — काय? हा कप? मी दिला? प्यालातसुद्धा? बरं मग.

हात कशाला पुढे करायचे? तळवे वर, डोळेही मिटायचे? सगळ्यांनाच करायला लावता हे? घ्या. दोन्ही समोर, अगदी सरळ. थोरलीला जमेल का असं? — खाली आला? कुठला, डावा? काहीतरीच काय. धरलाय की मी वर. उघडू डोळे? ... अगंबाई. हा मांडीवर कधी आला?

नका हो, त्याला फोन नका करू. या वेळी गिऱ्हाईक असतं दुकानात, चिडेल. थोरलीची गोष्ट वेगळी, तिचं सगळंच — केलात? काय म्हणाला? मधेच फोन ठेवला? बघा, मी सांगत नव्हते, आईचं म्हटलं की — थांबा. जिन्यावर कुणाचे पाय वाजतायत? ताई, जरा दाराशी होता का, मला काही उठवत नाही आत्ता. बघा ना, पायांत चपला आहेत का त्याच्या?