गाळलेल्या ओळी

नको, अजून नको लावूस. सुई राहू दे माझ्या हातात, ती काही करत नाही — ते स्टँडवरचं औषध सोडायचं यंत्र तेवढं लांब सरकव. हां. आणि लिंडक्विस्ट बाई काय, मार्लिस म्हण. औषधाला नाही गं घाबरत मी, केस गेले तर गेले, डुलुथच्या थंडीत निम्मं वर्ष डोक्यावर टोपीच असते. पण औषध किती सोडायचं हे त्या यंत्राला सांगणारा प्रोग्राम कोणी लिहिला, माहीत आहे तुला? नाही ना. कुणालाच नसतं, ब्रिन.

तुझा भाऊ कॉम्प्युटर शिकला म्हणालीस ना, त्याला विचार — प्रोग्राम लिहायला शिकवणारं निळं जाड पुस्तक, आर्विड लिंडक्विस्टचं. त्याच्याकडे असणारच. माझा नवरा तो. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलं त्यानं. त्यातली उदाहरणं इतकी छोटी, इतकी स्वच्छ, की लोक म्हणायचे, वाचून गार वाटतं. स्वच्छ का? तर तपासणीच्या ओळी त्यानं गाळल्या होत्या. आलेला आकडा खरा आहे का, भलताच मोठा तर नाही, काहीच आलं नाही तर काय — हे सगळं घातलं तर पानभर होतं, मग कोण वाचणार? अशी पुस्तकं लिहिणारे सगळेच गाळतात. पहिल्या पानावर त्यानं लिहिलं होतं, त्या ओळी तुमच्या तुम्ही घाला. पण पहिलं पान वाचतं कोण? तू वाचतेस?

आधी त्याला काही वाटायचं नाही. मग कुणी कुणी भेटायला लागलं — सर, तुमचं उदाहरण आम्ही जसंच्या तसं उचललं, अजून चालतंय. कौतुकानं सांगायचे. हा घरी येऊन जेवायचा नाही. मग लिफ्ट सोडली. विमान सोडलं. मी म्हणायची, आर्विड, जगातलं सगळं काही तू लिहिलेलं नाहीस, इतका मोठा नाहीस तू. हसायचा. जिन्यानंच जायचा.

हृदयविकारानं गेला तो — असं मी सांगते सगळ्यांना. तूही तेच ऐकलं असशील. पण तो इथेच होता, याच मजल्यावर, हेच औषध द्यायचं होतं. म्हणाला, नर्सनं शेजारी बसून थेंब मोजावेत, यंत्र नको. कोण बसणार? म्हणून मीच त्याला घरी आणलं. तळ्याच्या बाजूच्या खिडकीत खुर्ची ठेवली, आणि तिथेच — जाऊ दे. हे तुला सांगायचं नव्हतं.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश आणि ती कसली गोड वडी. दाढीवाले, जाड चष्मेवाले लांबलांबून आले होते. एकेकजण माझा हात धरून म्हणायचा, तुमचे पती अजून आमच्याकडे चालतायत. एक बँकेतला. एक विमानतळावरचा. आणि एक पोरगा, रडत होता बिचारा — आम्ही हॉस्पिटलसाठी असे औषध सोडायचे पंप बनवतो, म्हणाला. मी त्याला विचारायचं ना, की बाबा, त्या ओळी घातल्यास का? नाही विचारलं. हातात प्लेट होती, म्हटलं, अजून थोडं वाढू का?

बघू नकोस अशी. लाव. लाव म्हणते ना — तो नको म्हणाला आणि काय झालं ते मी बघितलंय. त्या खुर्चीत मला नाही बसायचं. लाव, मी तिकडे बघते.

झालं? चालू आहे? आवाज तर काहीच — हे काय? ब्रिन, हे का वाजतंय? काय, नळी दुमडली? माझ्या कोपराखाली?

म्हणजे कळलं यंत्राला. म्हणजे कुणीतरी घातली ती ओळ. निदान ती एक. बंद नको करूस, वाजू दे जरा.

कोपर उचललं तर गप्प झालं. आर्विड म्हणायचा, प्रोग्राम गप्प असला की एक तर सगळं ठीक असतं, नाहीतर तो बघतच नसतो. बाहेरून दोन्ही सारखंच.

जा तू आता, पलीकडचे आजोबा मघापासून हात करतायत. दार उघडं ठेव. मी मधूनमधून नळीवर कोपर ठेवीन. वाजलं तर धावत येऊ नकोस, मीच असेन. फार वेळ वाजलं नाही, तर मात्र ये.