बिअरऐवजी कुरडया

बिअर म्हणाल, तर आखातात रिफा गावी नोकरीला असताना मीही एकदा करायला घेतली होती. ज्याच्या सहीवर माझा व्हिसा वाढायचा, त्या अमेरिकन साहेबाला घरी केलेली गव्हाची बिअर हवी होती. मी मोड आणायला गहू भिजत घातले आणि साइटवर गेलो. आठवड्याने परतलो, तर गच्चीवर कुरडया वाळत होत्या.

"अगं, ते बिअरचे गहू होते."

"गव्हावर लिहिलं होतं का तसं?" बायको म्हणाली.

शुक्रवारी साहेब आला. हिने कुरडया तळून पुढे ठेवल्या. ताटली रिकामी करून त्याने विचारलं, "बिअर?"

"सांगा त्याला, पुढच्या वर्षी," ही मला म्हणाली. "पण तोवर तुम्ही इथं असायला हवं ना?"

मी घाबरत भाषांतर केलं. ही तिथं होती तोवर बिअर काही झाली नाही, पण व्हिसा दरवर्षी वाढत गेला.