नवसाचा बाक

हॅलो? … सोग्रा! अगं नऊ वेळा फोन लावला, आत्ता बघतेस? … हो, हो, दादाच. … गाडीत रौजा चाललाय, इमामांची शोककथा, येतंय ऐकू. कथा सांगणारे सय्यद आगा रडायला लागलेत, म्हणजे मशकीतल्या पाण्याचा प्रसंग ना? … अगं ऐक ना, फोन कानाला घट्ट लाव. एक गोष्ट सांगतो. पाल्हाळ नाही, शप्पथ.

तू बसलीयस कुठं? … मागच्या बाकावर? किती जणी? … पाच. या अल्ला.

नाही गं, रडत नाहीये. तो बाक आम्हीच कारखान्यात बसवला ना, कर्बल्याच्या यात्रेची गाडी म्हणून… हो, नवसाचा. छत्तीस जणांनी सलवातची दुआ म्हणत वेल्डिंगचा एकेक स्पॉट मारला. … हो, पहिला माझाच. … तेच तर चुकलं! बाक धरणाऱ्या एवढ्याशा पट्टीवर छत्तीस स्पॉट! वीज शेजारच्या स्पॉटातून पळते, नव्याला तापच मिळत नाही. पहिला पक्का, बाकीचे नुसते डाग.

कोण म्हणतं? नेगार. तपासणीतली… हो, ती चष्मेवाली. तेव्हाच म्हणाली होती, 'उस्ताद, आठच मारा, लांब लांब, मधे पत्रा चिकटवायचा गोंद भरा.' मी चारचौघांत हसलो. म्हटलं, पोरी, इमामांच्या कामाला फूटपट्टी लावतेस? आज तिनं तशीच पट्टी यंत्रावर हलवत ठेवली. तीन लाख हिसके टिकायला हवी. चाळीस हजारांत सुटली. … रस्त्यावर? तिच्या हिशेबानं तुमचे चाळीस हजार कालच संपले.

… थांब. तो आवाज कसला? … चमचा वाजतोय? चमचा नाही गं तो. … पायाखालून येतोय?

उठा. सगळ्या उठा, पुढं जाऊन खाली बसा. … पुरुषांत बसायची लाज? बसा म्हणतो ना!

ड्रायव्हरला सांग, गाडी थांबव. पण ब्रेक जोरात नको, अजिबात नको! दणक्यानं बाक उखडून तुमच्या अंगावर येईल. … काय म्हणतो? रौजा संपू दे? … सोग्रा, बाबा गेले त्या दिवशीसुद्धा मी रौज्यातून उठलो नाही. आज मी सांगतोय, थांबवा.

… उतार लागला? … गिअरवर उतरव म्हणावं, हळू. … म्हातारी उठत नाही? ओढ तिला!

… ऐक, कर्बल्याला पोहोचलात तर… पोहोचालच. तिथं माझ्यासाठी काही मागू नकोस. दुआ मागताना नेगारची आठवण ठेव. नेगार सादेघी. विसरू नकोस हं, नेगार… हॅलो? सोग्रा?