पहिलं बक्षीस व्होल्काला

सुलभा : काका, या फोटोत बर्फ आहे.

त्र्यंबक : जानेवारीतला आहे ना तो.

सुलभा : आणि मागे चर्च दिसतंय.

त्र्यंबक : लाकडी आहे. आमच्या व्हर्जिनियातल्या नव्या घरांपेक्षा मजबूत.

सुलभा : काका, मंडळाची स्मरणिका उद्या सकाळी प्रेसला जातेय. 'माझं गाव' स्पर्धेत तुमच्या लेखाला पहिलं बक्षीस आहे. मी ऑफिसमधून सरळ इथे ड्राइव्ह करत आले, ती फक्त तुमच्या गावाचा एक फोटो न्यायला. जुना, फाटका, कसाही चालेल म्हटलं होतं. हे कुठलं गाव आहे?

त्र्यंबक : लेखातलंच. व्होल्का. पोलंडच्या पूर्वेला, बूग नदीच्या काठावर. एक्केचाळीस घरं.

सुलभा : पोलंड.

वैदेही : सुलभा, तुझा बिनसाखरेचा ना गं चहा? आज घालते थोडी.

सुलभा : काकू, तुम्हाला माहीत होतं हे?

वैदेही : पाच वर्षं माझ्या डायनिंग टेबलवर त्या गावाचा नकाशा पसरलाय. आम्ही दोघं किचनमध्ये उभ्यानं जेवतो. मला नाही तर कोणाला माहीत असणार?

सुलभा : पण लेखात पोलंडचा उल्लेखच नाही!

त्र्यंबक : नियम तुमच्या कमिटीचा. मागच्या वर्षी परीक्षक सांगलीचे निघाले आणि तिन्ही बक्षिसं सांगलीला गेली. म्हणून यंदा गावाचं, जिल्ह्याचं, नदीचं, कसलंच नाव लिहायचं नाही. मी नियम पाळला. गाव महाराष्ट्रातलं हवं, असं कुठे लिहिलं होतं?

सुलभा : ते लिहावं लागतं का हो, काका?

त्र्यंबक : चाळीस वर्षं स्पेसिफिकेशन्स लिहिली मी. लिहावं लागतं.

सुलभा : प्लेनो शहरातल्या कांचनताई यंदा परीक्षक होत्या. फोनवर रडल्या त्या. म्हणाल्या, हे तर आमचंच गाव. नदीपलीकडची शेतं एका रात्रीत परकी झाली, तो परिच्छेद त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला.

त्र्यंबक : झालीच ना परकी. महायुद्ध संपलं आणि नदीलाच सरहद्द करून टाकलं. घर अलीकडे, बटाट्याचं शेत पलीकडे, रशियाच्या ताब्यात.

सुलभा : त्यांना वाटलं, भाऊबंदकीत गेली.

त्र्यंबक : तसंही म्हणता येईल.

सुलभा : आणि ते 'हिवाळ्यात नदीतून गाड्या जायच्या'?

त्र्यंबक : नदीवरून. गोठते ती.

सुलभा : आम्ही समजलो, आटते. कोणीतरी प्रूफात 'वरून'चं 'तून' केलं. आणि करकोच्यांसाठी छपरावर गाडीचं चाक ठेवतात म्हणे, त्यावर आमच्या कमिटीत अर्धा तास चर्चा झाली. फार सुंदर प्रतीक आहे असं ठरलं.

त्र्यंबक : चाकावर घरटं नीट बसतं, म्हणून ठेवतात.

सुलभा : काका, रविवारी हॉलमध्ये चारशे माणसं असणार. एडिटर म्हणून नाव माझं आहे. मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार. का केलंत असं?

त्र्यंबक : काझिकसाठी. हा शेजारचा. गणपतीला दर वर्षी यायचा, उकडीचे मोदक काट्यानं खायचा, तो.

सुलभा : ते आजोबा? त्यांचं घर तर विकलं ना?

त्र्यंबक : मुलानं विकलं. बावीस वर्षांचा शेजार आमचा. त्याची नजर गेली, तेव्हा मी त्याच्या गावचे जुने नकाशे मिळवले. मी नकाशा वाचायचा आणि त्यानं सांगायचं. गिरणी इथे, दलदल तिथे, या घरचं कुत्रं चावायचं. तीन वह्या भरल्या. मग तो विसरायला लागला, त्याला मेमरी केअर होममध्ये नेलं. मुलाला विचारलं, वह्या हव्यात का? तो म्हणाला, "थँक्स, वी आर गुड." म्हणजे नकोत. आता काझिकला मुलाचं नाव आठवत नाही. गिरणीवाल्याचं आठवतं. तेही जाईल. त्याआधी हे छापलेलं त्याच्या हातात द्यायचंय मला.

सुलभा : मराठीत? त्यांना काय कळणार?

त्र्यंबक : मला दुसऱ्या कुठल्या भाषेत कोण छापणार? दिसत तर त्याला नाहीच. हातात पान देईन आणि सांगेन, हे बघ, तुझं गाव पुस्तकात आलं.

सुलभा : बरं, ऐका. प्रेसला मी दोन दिवस थांबवते. बक्षीस तुमचंच. तुम्ही तेवढ्यात तुमच्या खऱ्या गावावर लिहून द्या, तेवढीच पानं. हा लेख पुढच्या वर्षी घेऊ, नक्की.

वैदेही : पुढच्या वर्षीपर्यंत त्या माणसाच्या लक्षात काय राहणार आहे?

त्र्यंबक : आणि माझ्या गावावर मला चार ओळींपुढे जाता येत नाही. बसलो होतो लिहायला.

सुलभा : चार तर चार. सांगा, मी फुलवते.

त्र्यंबक : गावाला नदी होती. नदीवर धरण झालं. गाव पाण्याखाली गेलं.

सुलभा : या तीन झाल्या.

त्र्यंबक : पाणी कुठवर येणार याची रेघ ज्यांनी आखली, त्यांत ज्युनियर इंजिनियर मी होतो.

(वैदेही चहाचा कप सुलभापुढे ठेवते.)

वैदेही : ती पातळी यांना अजून दशांशासकट पाठ आहे. घरची विहीर अंगणात होती की परसात, ते विचार.

त्र्यंबक : आठवत नाही. आई सांगायची, सारखी सांगायची. मला वाटायचं, होईल, सावकाश लिहून घेऊ. ती गेली. फार लाज वाटते गं, सुलभा. काझिक बोलायला लागला, तेव्हा मी आधी वही आणली.

सुलभा : कांचनताईंना काय सांगू मी?

त्र्यंबक : सांग, गाव चुकलं. रडलात ते बरोबर होतं.

सुलभा : आणि 'तून'चं परत 'वरून' करायला हवं.

त्र्यंबक : हो. नाहीतर गाड्या बुडतील.

सुलभा : फोटोखाली गावाचं नाव टाकते. देश?

त्र्यंबक : पोलंड टाक. त्याच्या आजोबांच्या लहानपणी तिथे रशिया होता, त्याच्या लहानपणी जर्मन आले. गाव बिचारं जागचं हललं नाही.

सुलभा : काका, यात चर्च नीट दिसत नाहीये. दुसरा आहे का? बर्फातला चालेल.