खाली कढई, वर दवाखाना

...अन् वरून पोरगी मलेच म्हणते, “बाबा, हलू नका, माती पडते!” आता तुमीच सांगा राजेहो, पोटावर चिखलाची पट्टी, डोळ्यावर चिखलाची पट्टी, अन् खाली आपल्याच दुकानात कचोरी तळून राह्यली... माणूस हलणार नाई त काय करन?

देवळीतलं माहं कचोरी-तर्रीचं दुकान तुमाले ठाऊकच हाय. वरच्या खोलीत माही पोरगी सुरभी, निसर्गोपचाराची डॉक्टरीण. साडेपाच वर्षं शिकली! मले वाटलं, पानं-फुलं ओळखाले शिकवत असतीन. छ्या! मुर्दा चिरला, हाडं पाठ केली, सारं त्या गोळीवाल्या डॉक्टरांवानी. वरून पाणी, माती, ऊन, उपास, मालिश. म्या इचारलं, “मंग गोळी कोणती देशीन?” म्हणते, “शरीर आपलं आपणच बरं होते, बाबा. डॉक्टरनं आडवं यायचं नाई, बस.” आडवं न येण्यासाठी साडेपाच वर्षं?

अन् आपल्या लोकायले सुई पाहिजे! शेजारची मनकर्णाबाई गुडघे धरत जिना चढली. सुरभीनं आस्ते आस्ते सारं इचारलं, काय खाता, कवा झोपता, पोट साफ होते का... बाई खाली येऊन म्हणते, “पोरगी गुणाची हाय जी, पण तिले काईच माईत नाई. सारं मलेच इचारते!”

झालं! त्या दिवसापासून जिना सुना. पोरगी खिडकीत बसून रस्ता पाह्ये. पाहवते का बापाले? म्हटलं, मीच होतो पेशंट! छातीत जळजळ त हायच. मी सुधारलो का गाव चढते वर.

मंग काय! टोपलंभर काळी माती आणली, त पोरीनं फेकून देल्ली. “फवारणी झालेल्या कपाशीच्या वावरातली पोटावर लावता, बाबा?” खोल खणलेली पाहिजे, उन्हात वाळवलेली, चाळलेली... एवढं त मी बेसन चाळत नाई, राजेहो! तरी लावली. वरून उपास. निसतं लिंबूपाणी! ओरडलो का हायच तिचं, “शरीर आपलं आपणच बरं होते, बाबा.”

आता माहा नेम असा, का चाखल्याशिवाय कचोरीचा घाणा विकाचा नाई. उपासाच्या दिवशी खाली आलो, निसतं पाहाले बरं का... अन् हात आपोआप गेला! कचोरी तोंडात, अन् समोर बाकड्यावर रोजचा गिऱ्हाईक लक्ष्मणराव, “काऊन मालक? डॉक्टरीणबाईचा पेशंटच कचोरी हाणून राह्यला?” सारं बाकडं वळलं. वर पाहतो, त खिडकीत सुरभी. माह्याकडंच पाहून राह्यली. गिळली त पोरीचं नाव जाते! काय करू? काय करू?

थू!

लक्ष्मणरावनं हातातली प्लेट हळूच ठेवली. “मालकच थुकते म्हंजे...” अन् पोट धरून गेला ना गडी जिन्यानं वर!

तवापासून जिन्यावर रांग. मनकर्णाबाई बी आली परत. सुरभीले बोलाले टाइम नाई, अन् माही जळजळ खरंच गेली, खोटं काऊन बोलू? पण बाकडं रिकामं, कढई थंडी! काल म्हटलं, “माय, दुकानाचं काय करू?” हातात लिंबूपाणी देऊन हासते, “त्यालेबी उपास पडू द्या थोडा. आपलं आपणच बरं होते. तुमी निसतं आडवं येऊ नका.”

बसलो हाव मंग गल्ल्यावर, आडवं न येणं शिकत... साडेपाच वर्षं त लागतीनच ना!