झांज कोणी खाल्ली

जानकी : नुसती भुणभुण! हंड्यात तोंड घालून गायल्यासारखी. आमच्या या जुन्या भजनात पेटी ऐकू येते, पखवाज ऐकू येतो, शांताबाईचा गळा तर समोरच्या बिल्डिंगलाही ऐकू येतो. माझी झांज तेवढी गायब.

जयवंत : सांगितलं ना तुला. कॉम्प्युटरने खाल्ली.

रुचिरा : बाबा, मी ऑफिस अर्धं टाकून पवईहून घाटकोपरला आलेय. माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही स्वतःहून फोन केलात. आणि कशासाठी, तर कॉम्प्युटरने आईची झांज खाल्ली?

जयवंत : मग काय मांजराने खाल्ली? हे बघ, कॉम्प्युटरचा आवाज तू किती ठेवून गेलीस? चाळीस.

रुचिरा : बरोबर. चाळीस पुरतो.

जयवंत : शंभर पाहिजे! कॉम्प्युटर शंभरावर, आणि आवाज कमी-जास्त करायचा तो माझ्या ॲम्प्लिफायरच्या बटणाने. कॉम्प्युटर आवाज कमी करतो म्हणजे काय करतो? आकडे कापतो. मग जे बारीक, ते आधी जातं. झांज बारीक. गेली. मरोळला एकोणतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग केलंय मी, मला नको शिकवू.

रुचिरा : ते सोळा बिटच्या जमान्यात, बाबा. आता मध्ये हा काळा डबा लावून दिलाय ना, तो चोवीस बिटचा आहे, थोडे आकडे कापले तरी भरपूर उरतात. चाळीस सोडा, विसावर ठेवलंत तरी कानाला फरक कळायचा नाही. उलट तुमचं बटण! खाली असलं की डावा स्पीकर बोलतो, उजव्याचं मौनव्रत. आणि फिरवलं की करकर, दाताच्या डॉक्टरकडे आ करून बसल्यासारखं.

जयवंत : करकर करेल, पण खोटं नाही बोलणार. आवाज कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. तुझ्या त्या स्क्रीनवरच्या रेघेला टिकली कुठे लावणार?

रुचिरा : टिकली?

जानकी : मी लावलेय, बटणाच्या बाजूला. चष्मा शोधत कोण बसणार? बटणाचा काटा टिकलीवर आणला की माझा आवाज लागला.

रुचिरा : आई, पण इथे गोंदाचे तीन डाग आहेत. घड्याळ धरलं तर एक नऊवर, एक अकरावर, एक बारावर. आणि टिकली दोनवर?

जयवंत : ती मी सरकवली.

रुचिरा : बाबा, तुम्ही टिकल्या लावता?

जयवंत : ॲम्प्लिफायरला. आमची सौभाग्यवती आहे ती.

रुचिरा : अहो, दोनवर म्हणजे खालच्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश अंकल खुर्चीसकट हलत असतील.

जयवंत : त्याला सांगून ठेवलंय, कॉम्प्युटर बिघडलाय.

रुचिरा : कधीपासून सांगताय?

जयवंत : गणपतीपासून.

जानकी : तुमचं ते बिट-बाट राहू दे. शनिवारी आमच्या मंडळाचं भजन आहे. आणि काल तालमीला शांताबाई सगळ्यांसमोर काय म्हणाली माहितेय? जानकी, झांज केवढी आपटतेस, भांडी घासतेयस का? या वेळी सपनाला वाजवू दे. सपनाला! परवापर्यंत प्रसाद वाटत होती ती. सत्तावीस वर्षं झांज माझ्या हातात आहे. म्हणून ही जुनी कॅसेट, तू कॉम्प्युटरवर घेऊन दिलेली, ती ग्रुपवर टाकणार होते. ऐका म्हणावं, झांज कशी वाजते. तर तीच नाही हिच्यात!

रुचिरा : आपटत होतीस?

जानकी : वाजत नाही म्हटल्यावर माणूस जोर लावणारच ना? झांज जुनी झाली. बोथट झालीय.

रुचिरा : झांज म्हणजे काय विळी आहे बोथट व्हायला?

जानकी : तुका काय कळता त्यातला?

रुचिरा : झालं. मालवणी सुरू. म्हणजे आई एक तर चिडलीय, नाहीतर घाबरलीय.

जयवंत : तू कॉम्प्युटर बघ गो. आईला बघायला मी आहे.

रुचिरा : बघतेय. पण मघाशी दारात चार वेळा बेल वाजवली मी. तुम्ही बाथरूममध्ये होतात, आणि आई दरवाज्याच्या बाजूलाच भाजी निवडत बसली होती. शेवटी तुम्हाला फोन करून दार उघडून घेतलं.

जानकी : बेल पण बिघडलीय.

जयवंत : सेल संपलेत.

रुचिरा : बाबा, बेल लाइटवर चालते.

जयवंत : मग लाइट गेली असेल!

रुचिरा : पंखा चालू होता... बरं. ठीक आहे. तुम्ही जिंकलात. कॉम्प्युटर शंभरावर. एक आकडा कापला जाणार नाही. बटण तुमचं, टिकली आईची. आता गप्प बसून ऐका.

(रुचिरा भजन पुन्हा लावते. खिडकीची तावदानं थरथरतात.)

रुचिरा : आहे की! दुसऱ्या कडव्यापासून आहे. छन्-छन्, छन्-छन्. एकदम स्वच्छ. आता चाळीसवर आणते... ही बघा, अजूनही आहे. काय झकास वाजवायचीस गं आई... बाबा? तुम्ही नाही-नाही म्हणून मान का हलवताय?

जयवंत : कारण नाही ऐकू येत.

रुचिरा : तुम्हाला?

जयवंत : मला. भास होतोय तुला. दिवसभर हेडफोन लावून बसता तुम्ही लोक, कानात काहीतरी वाजत राहतं. खाल्ली म्हणजे खाल्ली. नवा कॉम्प्युटर घेऊ.

रुचिरा : बाबा, प्लीज. तो कॉम्प्युटर बिचारा...

जयवंत : रुचिरा, मी म्हणतो ना, मला नाही येत ऐकू! विषय संपला. शांताबाईला मी सांगतो काय ते.

जानकी : मग तुमचं बोट कशावर हलत होतं?

जयवंत : कुठलं बोट?

जानकी : गुडघ्यावरचं. आत्ता पखवाज थांबला, शांताबाई श्वास घेत होती, पेटी एकटी सूर धरून होती. तिथे ठेका द्यायला झांजेशिवाय कोणी नसतं. सत्तावीस वर्षं ती जागा माझी आहे. आणि तुमचं बोट चालू होतं, बरोब्बर.

जयवंत : सवय गो. असंच हलतं.

जानकी : मग आता का थांबवलंत?

रुचिरा : आई... बंद करू का?

जानकी : नको. वाढवू पण नकोस. ती टिकली तेवढी काढ तिथून, उगाच बिचाऱ्या चंद्रप्रकाशला त्रास. आणि तुम्ही, अहो, हलवा ते बोट. शनिवारी पण समोर येऊन बसा आणि हलवा. माका झांज आयकाक येणा नाय.